‘संपला’ म्हणायची घाई: टायगर वुड्स, वसीम जाफर आणि सर्वांत मोठा कोण?

शेगावहून बोलतोय. इयरफोन नीट लावा, कारण आजचा विषय भांडणाचा आहे.

मागच्या भागानंतर आपल्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "भाऊ, सचिन की विराट हे लय झालं. आता टायगर वुड्स मोठा की जॅक निकलस ते सांगा." त्याच्याखाली लगेच दुसऱ्याचा मेसेज, "आपल्या इकडं गोल्फ कोण पाह्यते बाप्पा?"

दोघांचंही बरोबर आहे. आपल्याकडं गोल्फ कोणी बघत नाही. पण ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवा. संध्याकाळी नीरज चोप्रानं भाल्यात सुवर्ण मिळवलं ती तारीख सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी सकाळी अदिती अशोक टोकियोत गोल्फ खेळत होती आणि अर्धा देश मोबाईलवर ‘बर्डी म्हणजे काय’ ते शोधत होता. एका फटक्यानं तिचं पदक हुकलं, ती चौथी आली. त्या सकाळी आपल्याला गोल्फ समजायला लागला होता. मग आपण विसरून गेलो.

तर आज गोल्फपासून सुरुवात करू आणि आपल्या विदर्भात येऊन थांबू. मधे एका माणसाची भेट होईल. तो मुंबईचा, पण त्याच्या आयुष्यातली बहुतेक सगळ्यात गोड वर्षं नागपूरकडं गेली.

आधी नियम, दोन मिनिटांत. गोल्फमध्ये अठरा होल. चेंडू प्रत्येक होलमध्ये कमीत कमी फटक्यांत घालायचा. मोठ्या स्पर्धेत हे चार दिवस चालतं, म्हणजे बहात्तर होल. शेवटी ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला. समोर बॉलर नाही, धक्का मारणारा डिफेंडर नाही. चेंडू गप पडलेला असतो. तुम्ही, तो आणि तुमचं डोकं. म्हणूनच या खेळात वय जरा उशिरा दिसतं.

वर्षात चार स्पर्धा सगळ्यात मोठ्या मानतात, त्यांना ‘मेजर’ म्हणतात. जॅक निकलसनं अशा १८ जिंकल्या. टायगर वुड्सनं १५. झालं, निकाल लागला? नाही ना. वुड्सवाले लगेच म्हणतात, २००० आणि २००१ मिळून त्यानं लागोपाठ चार मेजर जिंकल्या, म्हणजे एकाच वेळी चारही करंडक त्याच्या घरी. ते कोणी केलं? १९९७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यानं मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली. निकलसवाले म्हणतात, ते ठीक आहे, पण अठरा म्हणजे अठरा. तिसरा येतो आणि म्हणतो, मेजर सोडा, अमेरिकेच्या मुख्य टूरवरचे सगळे विजय मोजा. तिथं वुड्स ८२, आणि सॅम स्नीड नावाचा जुना खेळाडूही ८२.

आता बघा गंमत. तिघांकडं आकडे आहेत आणि तिघंही खरं बोलताहेत. फक्त प्रत्येकानं आपली पट्टी आधी निवडली आणि मग मोजलं. आपल्या माणसाची उंची ज्या पट्टीत जास्त भरते, तीच पट्टी आपण खिशातून काढतो. कट्ट्यावरची निम्मी भांडणं अशीच असतात.

मला या भांडणात एक वेगळी पट्टी लावून बघायची आहे. खेळाडू सगळ्यात जोरात असताना काय करतो ते तर दिसतंच. पण शरीर साथ सोडायला लागल्यावर तो काय करतो? अंगातला जोर कमी होतो तेव्हा त्याच्याकडं उरतं काय?

निकलसचं बघा. १९८६. वय ४६. शेवटची मेजर जिंकून सहा वर्षं झालेली. लोकांनी त्याला आठवणींत टाकून दिलं होतं. मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी त्यानं ६५ फटक्यांत फेरी संपवली, शेवटचे नऊ होल फक्त ३० फटक्यांत. बॅग उचलायला, म्हणजे कॅडी म्हणून, सोबत त्याचाच मुलगा. ती त्याची अठरावी मेजर. आज ज्या आकड्यावरून भांडण चालतं, त्यातला शेवटचा एक आकडा ‘हा संपला’ असं सगळे म्हणत असताना आलेला आहे.

आणि वुड्स. २००८ मध्ये त्यानं युएस ओपन जिंकली, पायाच्या हाडाला तडे गेलेले असताना. नंतर अकरा वर्षं एकही मेजर नाही. या काळात पाठीवर चार शस्त्रक्रिया. शेवटची एप्रिल २०१७ मध्ये, त्यात मणक्याची दोन हाडं एकमेकांना जोडून टाकली. खासगी आयुष्यातही बरंच काही मोडलं, ते सगळ्या जगानं चघळलं. २०१७ मध्ये जागतिक क्रमवारीत तो हजाराच्याही पलीकडं घसरला होता. विचार करा, एकेकाळी वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर असलेला माणूस.

मग १४ एप्रिल २०१९. मास्टर्सचा शेवटचा दिवस, वुड्सचं वय ४३. तो दोन फटक्यांनी मागं होता. पुढं होता इटलीचा फ्रान्चेस्को मोलिनारी, जो तोपर्यंत जवळपास चुकतच नव्हता.

बारावा होल आला. हा छोटा होल आहे, एका फटक्यात चेंडू हिरवळीवर जातो. पण हिरवळीच्या अगदी पुढं पाणी आहे आणि वारा कधी कुठून येईल सांगता येत नाही. त्या दिवशी झेंडा उजव्या बाजूला, पाण्याच्या जवळ. मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला. त्यांच्याच सोबत खेळणाऱ्या टोनी फिनाऊचाही पाण्यात. वुड्सनं काय केलं? झेंड्याकडं बघितलंच नाही म्हणा ना. चेंडू डावीकडं, हिरवळीच्या मोठ्या सुरक्षित भागात टाकला. लांबून दोन फटक्यांत होल पूर्ण केला आणि पुढं चालायला लागला. टाळ्या वाजाव्यात असं त्यात काही नव्हतं. पण मोलिनारीचे दोन फटके तिथं जास्तीचे गेले आणि सामना बरोबरीत आला.

शेवटी वुड्स एका फटक्यानं जिंकला. आता एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या आधीच्या चौदाही मेजरमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी तो पुढं होता, नाहीतर बरोबरीत होता. मागून येऊन त्यानं मेजर कधीच जिंकली नव्हती. जोरात होता तेव्हा त्याची गरजच पडली नाही. मागं असताना धीर धरायचा, समोरचा चुकेल तेव्हा आपण जागेवर असायचं, हे काम त्याला पहिल्यांदा ४३ व्या वर्षी जमलं.

म्हणजे म्हातारा वुड्स हा तरुण वुड्सची झेरॉक्स नव्हता. तो थोडा वेगळा खेळाडू होता. कमी ताकदीचा, आणि काही बाबतीत जास्त शहाणा.

आता गाडी आपल्याकडं वळवतो. शेगाव स्टेशनवर मुंबईकडची गाडी थांबते, नागपूरकडची पण थांबते. आपण त्या लाईनवर मधेच बसलेलो. तर मुंबईचा एक खेळाडू कारकिर्दीच्या शेवटी नागपूरच्या बाजूला आला, त्याची ही गोष्ट. वसीम जाफर.

तुमच्यातल्या अनेकांना जाफर माहीत आहे तो ट्विटरवर मीम टाकणारा म्हणून. ते सोडा. वडील मुंबईत बस चालवायचे. हा पोरगा अठराव्या वर्षी मुंबईकडून आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात नाबाद ३१४ करून बसला. पुढं भारताकडून ३१ कसोटी, १९४४ धावा, पाच शतकं. त्यातली दोन द्विशतकं, एक वेस्ट इंडिजमध्ये, एक पाकिस्तानविरुद्ध कोलकात्यात. शेवटची कसोटी एप्रिल २००८, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कानपूरला. वय तीस. त्यानंतर भारतीय संघाचं दार उघडलं नाही.

तीस. बऱ्याच जणांसाठी गोष्ट इथं संपते. त्यानं त्याच वर्षीच्या रणजी मोसमात १२६० धावा केल्या. तरी दार बंदच.

२०१५-१६ मध्ये तो मुंबई सोडून विदर्भाकडून खेळायला लागला. आता त्या वेळचा विदर्भ आठवा. १९५७-५८ पासून आपण रणजी खेळत होतो आणि करंडक एकदाही नाही. मोठ्या संघांना विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे हक्काचे गुण. २०१६-१७ चा मोसम जाफर दुखापतीमुळं खेळू शकला नाही. ३९ व्या वर्षी दुखापत झालेल्या फलंदाजाला लोक काय म्हणतात ते मी सांगायची गरज नाही. २०१७-१८ ला तो परत आला, आणि त्या मोसमात विदर्भाकडून मानधन न घेता खेळला.

आयुष्यभर सलामीला खेळलेला माणूस, पण इथं तिसऱ्या क्रमांकावर उतरला. सलामीला कर्णधार फैज फझल आणि संजय रामास्वामी चांगले जमले होते. जाफरनं आपली जागा बदलली.

उपांत्य सामना कोलकात्यात कर्नाटकविरुद्ध. आपण फक्त ५ धावांनी जिंकलो. रजनीश गुरबानीनं त्या सामन्यात १२ बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, जाफरचे पहिल्या डावात ७८. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला आणि विजयी फटका मारला जाफरनं. साठ वर्षांनी करंडक आला.

मार्चमध्ये नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर, इराणी करंडकाचा सामना शेष भारताविरुद्ध. जाफरनं २८६ धावा केल्या. वय चाळीस. विदर्भानं ७ बाद ८०० वर डाव सोडला. माझ्यासारख्याला तो स्कोअर बघून फोन हँग झाला की काय असं वाटलं होतं.

पुढच्या मोसमात तर त्यानं १०३७ धावा केल्या. रणजीच्या दोन वेगवेगळ्या मोसमांत हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज. पहिल्यांदा तिशीत, दुसऱ्यांदा चाळिशीत. ७ फेब्रुवारी २०१९ ला नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भानं करंडक राखला. वुड्सच्या मास्टर्सआधी दोन महिने. एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांना, दोन ‘संपलेली’ माणसं.

आता प्रामाणिक राहू, नाहीतर ही गोष्ट भक्तिकथा होईल.

पहिली गोष्ट. विदर्भाचे करंडक एकट्या जाफरनं आणले नाहीत. पहिल्या मोसमात त्याच्या ५९५ धावा होत्या, फैज फझलच्या ९१२. गुरबानीचे ३९ बळी. दुसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात जाफरचं अर्धशतकही नव्हतं. तिथं आदित्य सरवटेनं ११ बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत उभं राहू दिलं नाही. आणि या सगळ्यामागं प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, ज्यांची शिस्त सगळ्या देशात प्रसिद्ध आहे. मोठं नाव दिसलं की सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकायची आपली सवय वाईट आहे. आपल्या पोरांवर तो अन्याय आहे.

दुसरी गोष्ट. जाफर भारतीय संघात परतला नाही. चाळिशीतल्या एवढ्या धावांनंतरही नाही. म्हणजे जिथून पडला तिथंच परत चढला, असं हे पुनरागमन नाही. तो दुसऱ्या डोंगरावर चढला. आणि तो डोंगर त्याच्याआधी कोणी मोजतच नव्हतं, कारण त्याचं नाव विदर्भ होतं.

तिसरी गोष्ट, जी मोटिव्हेशनल रील्समध्ये कधी येत नाही. सगळे परतणारे जिंकत नाहीत. टॉम वॉटसन नावाचा महान गोल्फर २००९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ५९ व्या वर्षी खेळला. चार दिवस सगळ्या जगाला वेड लावलं. शेवटच्या होलवर पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण केला असता तर जिंकला असता. एक फटका जास्त लागला, सामना प्लेऑफमध्ये गेला आणि तिथं स्टुअर्ट सिंकनं त्याला हरवलं. मग त्याचं पुनरागमन फुकट गेलं का? करंडकाच्या पट्टीनं मोजलं तर हो, शून्य. पण माझ्या पट्टीत तो वुड्सच्या शेजारीच बसतो. साठीच्या दारात त्याची समज एवढी शाबूत होती की तिशीतल्या पोरांना चार दिवस तो आवरला नाही.

मग रणजीतला सर्वांत मोठा कोण? हेही भांडण आहेच. जाफरच्या रणजी धावा १२,०३८, हा टप्पा गाठणारा तो पहिला. शिवाय दहा विजेतेपदं, आठ मुंबईसोबत, दोन आपल्यासोबत. पण विजय मर्चंट यांची रणजीतली सरासरी ९८ च्या वर. त्यांचंही वय बघा, शेवटची कसोटी १९५१ मध्ये दिल्लीत, चाळिसाव्या वर्षी, आणि धावा १५४. भाऊसाहेब निंबाळकरांचे पुण्यातले नाबाद ४४३ अजून कोणी भारतीयानं ओलांडले नाहीत, आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. अमोल मुझुमदारच्या वाट्यालाही भारतीय संघ आला नाही. नऊ हजारांवर रणजी धावा करून तो थांबला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक उचलला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. आणि नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, साठी ओलांडल्यावर रणजी सामना खेळले. सांगा आता, कोणती पट्टी लावता?

माझं मत विचाराल तर सांगतो, पळ काढणार नाही. गोल्फमध्ये तरुणपणीचा सर्वोत्तम खेळ बघायचा असेल तर वुड्स. लांबच्या शर्यतीत निकलस. रणजीत लांबच्या शर्यतीत जाफर, आणि सरासरीच्या उंचीत मर्चंट. एकच नाव घ्यायची सक्ती केलीत, तर मी वय झाल्यावर ज्यानं आपला खेळ बदलला त्याच्याकडं झुकेन. कारण तरुणपणीच्या यशात किती वाटा देवाच्या देणगीचा आणि किती समजेचा, हे वेगळं काढता येत नाही. देणगी ओसरली की उरलेला खेळाडू स्वच्छ दिसतो. पाणी आटलं की विहिरीचा तळ दिसतो ना, तसं.

आता यात आपलं काय? सांगतो.

आपल्याकडं टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडप पडतात, माईकवर कॉमेंट्री सुरू होते. तिथं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा पॅड बांधायला लागला की कोणीतरी हमखास ओरडतो, "ओ सीनियर सिटिझन, बसा आता!" सगळे हसतात, तोही हसतो. दोन वर्षांनी तो यायचा बंद होतो. तेच अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेल्याकडं लोक आजारी माणसाकडं बघावं तसं बघतात. तेच लग्न झालेल्या मुलीचं. ती कबड्डीत जिल्ह्याला खेळलेली असते, आणि त्यानंतर तिला कोणी मैदानावर बोलावतच नाही.

मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी चाळिशीपर्यंत एकच दार ठोठावत बसावं. सरकारी परीक्षांना वयाची अट असते, घरात खर्च असतो, पोट असतं. दार कधी सोडायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण जाफरनं काय केलं ते नीट बघा. भारतीय संघाचं दार बंद झालं, ते त्याच्या हातात नव्हतं. त्यानं फलंदाजी सोडली नाही. गाव बदललं, संघ बदलला, क्रमांक बदलला. वुड्सनं झेंड्यावर मारायचं सोडलं आणि हिरवळीच्या मधोमध मारलं. दोघांनीही काहीतरी सोडलं, पण काय सोडायचं ते स्वतः ठरवलं. बाहेरच्या माणसानं ‘संपला’ म्हणून ठरवू दिलं नाही.

आणि त्याचा फायदा नंतर आलेल्यांना झाला. मार्च २०२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कर्णधार होता अक्षय वाडकर, तोच, २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा. त्या संघात बाहेरून आलेला आणखी एक खेळाडू होता, करुण नायर. कसोटीत त्रिशतक करूनही बाहेर बसलेला. त्या मोसमात त्यानं विदर्भाकडून धावांचा रतीब लावला आणि आठ वर्षांनी भारताच्या कसोटी संघात परतला. ज्याला बाकीच्यांनी मोडीत काढलं, त्याला उभं राहायला जागा देणारा संघ म्हणून आज विदर्भाचं नाव आहे. मला याचा अभिमान करंडकापेक्षा जास्त वाटतो.

तर मंडळी, ग्रुपवर भांडण सुरू करा. पण या वेळी नुसतं नाव पाठवू नका. सोबत तुमची पट्टी पाठवा, म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजलं ते लिहा. करंडक, सरासरी, किती वर्षं टिकला, की पडल्यावर काय केलं. आणि तुमच्या गावात कोणी असा असेल, ज्याला सगळ्यांनी ‘संपला’ म्हटलं आणि तो अजून रोज संध्याकाळी मैदानावर येतो, तर त्याची परवानगी घेऊन त्याचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढचा भाग त्या आवाजांचा करू.

काळजी घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.